शर्यतीचा खोका

प्रिय माई,

नव्या जागी पाणी उकळून पितेस ना? खोलीच्या दाराला आतून कडी आहे का, तेही कळव. रात्रपाळी करून एकटी येतेस, मला इथे झोप लागत नाही. फोनवर विचारलं असतं, पण तुझा फोन आला की भिंगरी तो हिसकावते आणि माझ्या वाट्याला "बाकी ठीक" एवढंच येतं. शिवाय आज जे लिहिणार आहे ते पोरीच्या कानावर जायला नको. ती शाळेत गेली आहे, म्हणून बसलो. अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घे. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाचं आहे.

तिची तब्येत बरी आहे. खोकला गेला. स्वेटर घालत नाही, पण ऐकतं कोण. गणितात बाईंनी वहीवर "उत्तम" लिहिलंय. गेल्या वर्षी याच बाईंनी मला बोलावून, तुमची नात भागाकार दिसला की रडते, असं सांगितलं होतं. आता रडत नाही. आणि ते माझ्यामुळे नाही, हे कुणी मला वेगळं सांगायला नको.

व्याहीबुवांनी पाठवलेला तो शर्यतीचा खोका टीव्हीला जोडल्यापासून या घरात माझी किंमत पायपुसण्याएवढी झाली आहे. संध्याकाळी दूध पिऊन झालं की भिंगरी कानांवर ते मोठं यंत्र चढवते, रिमोट हातात घेते. तिकडे व्याहीबुवा, म्हणजे तिचे नाना, त्यांच्या खोक्यासमोर बसतात. दोघांच्या गाड्या पडद्यावर एकाच रस्त्यावर पळतात. आधी मला वाटलं, नुसता धुडगूस. मग कान देऊन ऐकायला लागलो. म्हणजे भिंगरीचं तेवढं ऐकू येतं, नानांचं सगळं तिच्या कानात जातं. "नाना, तीन फेऱ्यांत पाव टाकी गेली. पाऊण उरली. म्हणजे अजून नऊ फेऱ्या." आणि खरंच नऊ होतात का ते पाहायला दोघं पळत राहतात. ओल्या रस्त्यावर चाक का घसरतं, वळणाला वेग किती कमी करायचा, शर्यत ज्या देशात आहे तो नकाशात कुठे, सगळं पळता पळता. ती चुकली तर नाना रागावत नाहीत, गाडीच रस्ता सोडून गवतात जाते. पुन्हा पहिल्यापासून. मी असतो तर "अगं, कालच सांगितलं होतं ना" म्हणालो असतो.

आमचाही एक खेळ होता. तुझ्याबरोबरही खेळलोय. पुढे खुर्चीत मी, हातात स्टीलचं ताट म्हणजे स्टिअरिंग, मागे उशा म्हणजे प्रवासी, आणि भिंगरी कंडक्टर. चार चढले, दोन उतरले, गाडीत किती? तिची बेरीज-वजाबाकी त्या बसमध्येच पक्की झाली. पण उशा होत्या सहा, आणि माझं गणितही तेवढ्यातच संपत होतं. भागाकार आला आणि आमची बस डेपोत गेली. परवा सहज ताट काढलं, तर म्हणाली, "आजोबा, ते जेवायचं आहे."

खरं सांगू का, पोटात दुखतं माझ्या. जन्मभर बस मी चालवली. धुक्यात, डोंगरातल्या वळणांवर, मागे माणसं झोपलेली असताना. व्याहीबुवा जन्मभर फळ्यासमोर उभे राहिले, त्यांना साधी स्कूटर येत नाही. आणि माझी नात वळण कसं घ्यायचं ते त्यांच्याकडून शिकते. माणूस चांगला आहे, हेच तर अवघड आहे. वाईट असता तर चार नावं ठेवून मोकळा झालो असतो.

मी आपला तिच्या मागे सोफ्यावर बसतो. मधेच ती खदखदून हसते. काय झालं म्हणून विचारलं तर मागे न बघताच म्हणते, "काही नाही आजोबा, नानांचं आपलं काहीतरी." ते तिकडच्या गावात बसून तिच्या कानात असतात, आणि मी हाताच्या अंतरावर बसून परगावी.

एकदा नाना दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, तेव्हा त्यांच्या जागी माझी भरती झाली. मागून गाडी आली की मी बाजूला घेऊन तिला वाट दिली. एक उलटली होती, तिच्याजवळ थांबलो. पुढे रस्त्याच्या कडेला माणसं उभी राहून हात हलवत होती, तिथेही ब्रेक मारला. "आजोबा, इथे स्टॉप नाहीये. ते टाळ्या वाजवायला आलेत." शेवटून पहिला आलो. भिंगरी हसून हसून जमिनीवर लोळली, आणि हसताना तिचं तोंड माझ्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी नानांचा दात बरा झाला. लोकांचे आठ-आठ दिवस दुखतात.

आता मुद्द्याचं. जावईबापूंचा फोन आला होता. उन्हाळ्याची सुट्टी संपली की भिंगरीला नानांकडे ठेवायचं म्हणतात, तिथे तिचा अभ्यास चांगला होईल. तू मला काही बोलली नाहीस, म्हणजे तुलाही पटलंय. मी आडवा येणार नाही. भागाकार मला येत नाही, आणि रुसून तो यायचाही नाही. फक्त तिचं सामान बांधायला येशील तेव्हा तो खोका बांधू नकोस. नानांकडे त्यांचा आहेच. हा इथेच टीव्हीखाली राहू दे, ते कानावरचं यंत्रही राहू दे. पोर शाळेत गेली की मी रोज एकटा सराव करतो. काल एका गाडीच्या पुढे गेलो. ती बंद पडलेली होती, पण गेलो. भिंगरी तिकडे गेली की संध्याकाळी दूध पिऊन ती तिथे बसेल आणि मी इथे. कुठे थांबायचं नाही, ते तीच मला सांगेल. मी चुकून थांबलो की ती हसेल. आणि मागे सोफ्यावर बसलेले व्याहीबुवा विचारतील, काय गं, काय झालं? ती मागे न बघता त्यांना काय सांगेल, ते मला आत्ताच ऐकू येतंय.

तुझाच,
अप्पा