प्रुफं कोण वाचणार?

३ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सहा वर्षांनी पत्र लिहितोय, आणि प्रेमापोटी नाही. माझं पंपदुरुस्तीचं दुसरं पुस्तक लिहून झालं आहे. पहिलं भावोजींनी आपल्या प्रकाशनातर्फे काढलं आणि कागद वाचवायला माझ्या आकृत्या टपालाच्या तिकिटाएवढ्या केल्या. ते बघून माझ्याच विद्यार्थ्याने सील उलटं बसवलं, तळघरात पाणी भरलं आणि वर्कशॉपात माझं नाव पडलं टपालमास्तर. भावोजी म्हणाले, प्रुफं तुझ्या ताईने वाचली, आकृत्या तिनेच लहान करायला सांगितल्या. तेव्हापासून तुझ्याशी अबोला धरला.

आता तंत्रशाळा नवं पुस्तक अभ्यासाला लावणार, म्हणून भावोजींना माझी आठवण झाली आहे. मी त्यांना आशेला लावणार, खेटे घालायला लावणार आणि चारचौघांत तोंडावर नाही म्हणणार. पाठीमागून वार केला असं व्हायला नको, म्हणून तुला आधी कळवतो.

मुलांना आशीर्वाद. लोभ उरला असेल तर असू दे.
तुझा धाकटा

११ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उभ्याने वाचायला घेतलं आणि मग बसावं लागलं. अरे, माझ्याकडे आलेल्या प्रुफांत आकृत्या नव्हत्याच. नुसते कोरे चौकोन होते, चांगले पानभर. पुस्तक आल्यावर हे म्हणाले, किंमत उतरावी म्हणून तुझ्या भावालाच त्या लहान हव्या होत्या. तुझी पत्रं थांबली, तर म्हणे लेखकाला शिंगं फुटली. मी खुळी, तेही खरं मानलं. आई गेली तेव्हाही आपण दोघं एका खोलीत बसून एक शब्द बोललो नाही. ते मी कुणाला माफ करायचं?

सूड घे, मी आड येणार नाही. पण सुडाच्या भरात पुस्तक भलत्याच्या गळ्यात मारू नकोस. प्रकाशकाचं गोड बोलणं बघू नकोस. नमुन्याचं एक पान छापून माग आणि म्हण, यावरून पंप जोडून दाखवा. प्रुफं कोण वाचतं तेही विचार. जो खरं उत्तर देणार नाही, तिथून चपला घाल आणि नीघ.

प्रकृतीला जप, रागाने पित्त वाढतं.
तुझी ताई

२ जुलै

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी तुझे पाय धरतो. गाढव मी, एकदा तरी विचारायला हवं होतं.

मोठ्या प्रकाशनाने पान झकास छापलं, पण पंप जोडायला माणूस नाही म्हणाले. एका लहान प्रकाशनाच्या बाई स्वतः आल्या, बाह्या सरसावून स्टुलावर बसल्या आणि मध्येच अडल्या. मजकुरात झडप डावीकडे, आकृतीत उजवीकडे. मी त्यांच्यावर खेकसलो, मग पाहिलं, तर चूक माझीच. पुस्तक त्यांनाच देतोय. अडचण एकच, त्यांच्याकडे प्रुफं वाचणारं माणूस नाही, आणि तसं त्यांनी न विचारता सांगितलं.

भावोजीही आले होते. पंपाला बोट लावलं नाही. घरचंच काम आहे, प्रुफांचं तुझी ताई बघेल, म्हणाले. पाना उगारावासा वाटला. तरी हसून चहा पाजला आणि आठवड्याने कळवतो म्हणालो. पण त्यांचा पाणउतारा करायचा, तर ते घर तुझंही आहे. तू सांगशील तसं करतो.

रागावली असशील तर मनसोक्त रागाव, पण लिही.
तुझा धाकटा

९ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

नाही म्हणायचे कष्ट घेऊ नकोस, मी म्हणून टाकलं. जेवताना सांगितलं, धाकट्याचं पुस्तक त्या बाई काढणार आणि प्रुफं मी वाचणार, त्यांच्याकडे बसून. हे हसले. मग घास खाली ठेवून विचारलं, आणि आपल्याकडची? मी म्हटलं, मी न पाहिलेल्या आकृत्या ज्यांना माझ्या नावावर खपवता आल्या, त्यांना माझ्यावाचून प्रुफंही वाचता येतील.

लग्न झाल्यापासून त्यांचं पानन् पान मी वाचलं, एकाही पुस्तकात माझं नाव नाही. परवा विजेच्या मोटारींवरच्या पुस्तकाच्या प्रुफांचा गठ्ठा आला, तो न सोडता त्यांच्या टेबलावर ठेवला. कालपासून ओळीवर बोट ठेवून वाचताहेत. आज दुपारी चष्मा काढून त्यांनी विचारलं, की हे काम इतकं अवघड असतं का. मला ऐकू आलं. मी तुझं पहिलं प्रकरण पिशवीत घातलं आणि घराबाहेर पडले. रस्त्यात फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

माया आहेच, तिला पुन्हा कुणाची साक्ष काढू नकोस.
तुझी ताई