घरचं सांगू नका

चंद्रपूर
१२ डिसेंबर २०२४

ती. मंगरूदादास,
दुर्गाचा सा. न. आणि घरच्या सगळ्यांना सेवा जोहार.

फोनसाठी तुला टेकडी चढावी लागते आणि आईला त्यातलं धड काही ऐकू येत नाही, म्हणून आपलं हे पत्रच बरं. आई तीन-तीनदा वाचून घेते हे मला ठाऊक आहे. तेव्हा अक्षर नीट काढते आहे.

या सत्रात मी गुन्हेगारीशास्त्र हा विषय घेतला. कसा निवडला ते ऐक. आमच्या वसतिगृहात एक जाड वही आहे. जाणाऱ्या मुली तीत प्रत्येक विषयाबद्दल आणि शिकवणाऱ्याबद्दल आपलं मत लिहून ठेवतात, नाव न घालता, आणि येणाऱ्या मुली ते वाचून विषय घेतात. एका मॅडमबद्दल लिहिलंय की पहिल्या बाकावर बसाल तर रुमाल न्या. बोरकुटे सरांच्या पानावर मात्र सगळं गोडच. गोष्टी सांगून शिकवतात, तास कधी संपला कळत नाही, गुण सढळ हाताने देतात. अगदी तळाशी कुणीतरी एवढंच लिहून ठेवलंय की घरचं सांगू नका. माझ्या खोलीतली रीता म्हणाली, सरांनी कुणाचं तरी लग्न जमवायला घेतलं असेल. आम्ही फार हसलो.

पण सर खरंच चांगले आहेत, दादा. वर्गातला पियुष तर एरवी शेवटच्या बाकावर झोपतो, तोही जागा असतो. माझं गाव कोडसेगुडा म्हटलं की बाकीचे आधी जंगलातल्या बंदुकांबद्दल विचारतात. सरांनी विचारलं, तुमच्याकडे धान कोणतं लावतात. मला एकदम बरं वाटलं.

तू सकाळी पळायला जातोस आणि गावातली सगळी कुत्री तुझ्यामागे पळतात असं आईने कळवलंय. वनरक्षकाच्या भरतीत त्यांनाही घेतील का ते विचारून ठेव.

माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.
तुझी
दुर्गा

---

कोडसेगुडा
६ जानेवारी २०२५

चि. दुर्गास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आई म्हणते, पोरगी गुन्हेगारी शिकून राह्यली तर तिले म्हणा, आधी आपल्या कोंबड्या कोण नेते त्याले पकड. रोज एक कमी होऊन राह्यली. मला मुंगसाचा संशय आहे, पण तुझ्या सरांना विचारून पाहा.

आता मुख्य गोष्ट. वनरक्षकाच्या यादीत माझं नाव लागलं. शेवटून दुसरं आहे, पण आहे. कुत्र्यांचं नाही लागलं. आठ उन्हाळे मी आलापल्लीच्या जंगलात आगीवर पहारा केला, दरवर्षी चार महिने, आणि पावसाळा आला की घरी बस. आता खाकी अंगावर चढेल आणि ती जूनमध्ये उतरवावी लागणार नाही. आईने अजून कोणाला सांगितलं नाही असं ती म्हणते. सगळ्या गावाला माहीत आहे.

आता फक्त पोलीस पडताळणी राहिली. मुलाची वागणूक चांगली आहे म्हणून शेजाऱ्यांच्या सह्या लागतात. पहिली सही चैतूने दिली. मी मागितली नव्हती. लंगडत लंगडत स्वतः पाटलांच्या घरी गेला आणि करून आला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अभ्यास कर, जेवत जा. तुझ्यावर जीव आहेच, लिहायचं काय त्यात.
तुझा दादा
मंगरू

---

चंद्रपूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वनरक्षकसाहेब, तुमचं अभिनंदन. मी वसतिगृहात चिवडा वाटला. हा भाग आईला वाचून दाखव, पुढचा नको.

सरांनी प्रत्येकाला आपापल्या गावातलं एक प्रकरण लिहायला सांगितलं होतं. पियुषने सट्ट्याचं लिहिलं, रीताने हातभट्टीचं. मी आपल्या गावची मिटवणी लिहिली. सहा वर्षांपूर्वी तुझं आणि चैतूचं बांधाच्या पाण्यावरून भांडण झालं, तू दारूत होतास, कुऱ्हाडीच्या दांड्याने चैतूचा पाय मोडलास, आणि गाव ठाण्यात न जाता मोहाच्या झाडाखाली बसलं. तीन वर्षं तू आधी त्याचं शेत नांगरलंस आणि मग आपलं. शेवटी तुम्ही दोघं एका पत्रावळीत जेवलात. जेवून हात धुतल्यावर पाटील म्हणाले होते, आता ही गोष्ट कोणी तोंडातून काढायची नाही, काढेल त्याच्यावर दंड. मी तोंडातून काढली नाही रे, नुसती लिहिली.

आणि लिहिली ती अभिमानाने. कोर्टकचेरी झाली असती तर तू आत गेला असतास आणि चैतूचं शेत पडीक राहिलं असतं. इतकं शहाणपण आमच्या कुठल्या पुस्तकात नाही, असं मी शेवटी लिहिलं. सर म्हणाले होते की माझ्या खात्रीसाठी खरी नावं घाला, पुढे मी बदलतो. मला वीसपैकी एकोणीस दिले. हे छापलं पाहिजे, असंही म्हणाले.

खाकीतला फोटो पहिला मला पाठव. लोभ वाढता राहो.
तुझी
दुर्गा

---

कोडसेगुडा
२० मार्च २०२५

दुर्गा,

मंगळवारी ठाण्यातून एक जमादार पडताळणीला आला. त्याच्या हातात कॉलेजातून ठाण्यात आलेली एक पुस्तिका होती. वर नाव, नोंद न झालेले गुन्हे. खाली नाव, डॉ. बोरकुटे. तुझं नाव कुठेच नाही. म्हणजे आहे, पण वेगळं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय की माहिती आरोपीच्या सख्ख्या बहिणीकडून मिळाली.

तुझ्या सरांनी नावं बदलली. मी म. झालो आणि चैतू च. झाला. गावाचं नाव अख्खं आहे. जमादाराने विचारलं की एकतीस घरांत असे किती म. आहेत ज्यांची बहीण चंद्रपूरला शिकते.

तुझं शहाणपणाचं वाक्य मी शोधलं. त्यात नाही. त्यात लिहिलंय की अशी गावं गुन्हे लपवतात आणि गुन्हेगार मोकळे फिरतात.

चैतूला बोलावलं. तो म्हणाला, साहेब, मी मोहावरून पडलो. जमादार म्हणाला, मग हे छापलं ते खोटं का? चैतू म्हणाला, छापणाऱ्याले विचारा, पाय माझा हाये. पण छापलेलं ते खरं आणि माणसाच्या तोंडचं ते खोटं. चैतूची सही बाजूला पडली आणि माझा कागद अडकला.

आईला अजून कळलेलं नाही. तुझं पत्र आलं का म्हणून विचारते. मी कोऱ्या कागदावरून मनानेच चार ओळी वाचून दाखवल्या. तिने दुसऱ्यांदा वाचायला सांगितल्या तेव्हा मला त्याच ओळी आठवेनात.

मी चैतूला मारलं तेव्हा दारू पिऊन होतो. तू तर शुद्धीवर होतीस.

मंगरू

---

चंद्रपूर
२९ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. तू आशीर्वाद लिहिला नाहीस, तरी मी पाया पडते.

मी सरांकडे गेले. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, आरोपी हा नुसता शास्त्रातला शब्द आहे, मनाला लावून घेऊ नये. गावाचं नाव नसेल तर अभ्यासाला वजन येत नाही. पुस्तिकेतला म. कोण हे नक्की सांगता येत नाही, असं एक पत्र तुम्ही ठाण्याला द्या, म्हणून मी हात जोडले. तर म्हणाले, अभ्यासकाला लिहिलेलं मागे घेता येत नाही. मग म्हणाले, तुझ्यात चांगली संशोधक आहे. चहा मी तसाच ठेवला.

मी वर्गात सांगून पाहिलं. पियुष म्हणतो, तुझ्यावर छापून आलं, नशीब काढलंस. बाकीचे म्हणतात, जाऊ दे, अंतर्गत गुण त्यांच्या हातात आहेत. एकटी रीता त्यांच्या तासाला बसत नाही. मी बसते, कारण हजेरी लागते. आणि खरं सांगू, कालचा तासही त्यांनी छानच घेतला. ज्यांच्यावर गुन्हा होतो त्यांच्याशी पोलिसांनी कसं हळुवार बोलावं, हे शिकवत होते. सगळे भराभर लिहून घेत होते. ते वाईट शिकवत असते तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी मला फसवलं, हे मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. पण त्यांच्या हातात दिलं मीच. धान कोणतं लावता, एवढं एका माणसाने विचारलं आणि मी अख्खं घर उघडून दिलं.

आईला कळू देऊ नकोस असं म्हणायचा मला हक्क नाही. तुला योग्य वाटेल ते कर. रागाने का होईना, पण लिही.
दुर्गा

---

कोडसेगुडा
१८ एप्रिल २०२५

चि. दुर्गास,
आ. मागच्या वेळी लिहायचा राहिला होता.

माझ्या जागी प्रतीक्षा यादीतला एक जण गेला. भला पोरगा आहे, भरतीत माझ्यासोबतच पळाला होता. मी पुन्हा आगीवर आहे. पानगळ झाली, वारा सुटला की दिवसभर पळावं लागतं. पळायची सवय वाया गेली नाही.

आईला सांगितलं. तुझी सगळी पत्रं तिने डब्यातून काढून मला परत दिली. म्हणाली, तुझ्याजवळच ठेव, मले वाचता थोडीच येते.

रविवारी गाव मोहाखाली बसलं. हात धुतलेली गोष्ट उघडी पडली, तर उघडणाऱ्यावर दंड. चैतू म्हणाला, पोरगी लहान हाये, जाऊ द्या. पाटील म्हणाले, शिकलेलीले सोडलं तर उद्या बिनशिकलेल्याले काऊन धरायचं? असं ठरलं की या वर्षी चैतूच्या शेतातल्या धानाची रोवणी तू करायची, पहिल्या बांधीपासून शेवटच्या बांधीपर्यंत, आणि मग पुन्हा जेवण. तुझ्या वतीने कोणी बोलेल का असं पाटलांनी विचारलं. मी गप्प बसलो. बाजूने बोललो नाही, विरोधातही नाही. ते तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच लिहितो.

यायचं की नाही ते तू ठरव. जेवत जा.
मंगरू

---

चंद्रपूर
४ मे २०२५

ती. दादास आणि आईस,
सा. न. आणि सेवा जोहार. हे पत्र पूर्ण वाचून दाखव, एकदाच पुरे.

मी येते आहे. परीक्षा गुरुवारी संपते, शनिवारच्या बसने आलापल्लीला उतरेन. घ्यायला येऊ नकोस. कॉलेज उघडलं तरी रोवणी संपल्याशिवाय मी परतणार नाही.

मला दंड झाल्याचं रीताच्या तोंडून वर्गात गेलं आणि सरांपर्यंत पोचलं. त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता तरी माफी मागतील. त्यांचे डोळे चमकत होते. म्हणाले, गुन्हेगारीशास्त्राच्या विद्यार्थिनीलाच गावाने शिक्षा द्यावी, असं प्रकरण पुन्हा मिळायचं नाही. जेवणाच्या दिवशी मी येऊ का, नुसता बाजूला बसेन, काही लिहिणार नाही. आमच्याकडे त्या दिवशी पाहुणा चालत नाही, एवढं मी म्हणाले. मग त्यांनी विचारलं की निदान जेवणात काय असतं ते सांगशील का. मी उठून आले.

काल कॉलेजने मतांचे कागद वाटले. प्राध्यापक विषय समजावून देतात का, होय की नाही. नाव लिहू नये. सगळ्यांनी होय केलं. मीही होय केलं, कारण ते खरं आहे. माझ्या प्रश्नाला त्यात चौकट नव्हती.

मग वसतिगृहात येऊन मी ती जाड वही काढली. पुढच्या मुलींना सगळं कळलं पाहिजे म्हणून बोरकुटे सरांच्या पानावर लिहायला बसले. मला एक भाऊ आहे, इथपर्यंत आले आणि हात थांबला. कारण सांगायचं तर तुझा हात आणि चैतूचा पाय पुन्हा सांगावा लागतो. न सांगता कारण लिहिता येत नाही. मी त्या तळाच्या ओळीकडे कितीतरी वेळ पाहत बसले. डिसेंबरात आम्ही तिला हसलो होतो. त्या मुलीनेही असंच बसून पाहिलं असेल, दादा. तिलाही कुणाचं तरी झाकायचं असेल, म्हणून तिने तीनच शब्द लिहिले.

मी माझी ओळ खोडली. तिच्या शब्दांखाली लिहिलं, खरं आहे. त्या वहीत कुणी नाव घालत नाही. मी घातलं.

माझ्यासाठी लोभ मागत नाही. चैतूला सांग, रोवणीसाठी रोपांचे पऱ्हे टाकले की मला हाक मार.
दुर्गा