एक हेक्टरपेक्षा लहान

४ एप्रिल

पोचले एकदाची. ट्रकने हमरस्त्यावर सोडलं. तिथून सायकलवाल्याने मला, ट्रंकेला आणि फोटोंच्या लांब नळकांड्याला एकाच खेपेत काविझी गावात आणलं. उतरताना विचारतो कसा, अमायी, अहो बाई, या नळकांड्यात काय, नवरा गुंडाळून आणलाय का? मी म्हटलं, तुमचं अख्खं गाव आहे त्यात. तो इतका हसला की सायकल आडवी झाली.

खोली मनासारखी मिळाली. एनेलेस नावाच्या कुंभारणीच्या घरामागे, आंब्याखाली. पलीकडे दोनच घरं, म्हातारा शिंपी झाकेयो आणि तंबाखूच्या मळ्यातला लेफाती. तिन्ही घरांच्या मागे दाट, काळोखी राई. एनेलेस माझ्याच वयाची, बेचाळीस. नवरा दक्षिणेत खाणीत. तिला सातवा महिना चालू आहे. आधीची तीन मुलं जगली नाहीत, हे तिने भोपळ्याची पानं निवडता निवडता सांगितलं, भाव सांगावा तसं. मला म्हणाली, उत्तरेकडच्या बायकांना मक्याच्या पिठाचा न्सिमा नीट घोटता येत नाही म्हणतात, खरं का? मी घोटून दाखवला. खरं निघालं.

७ एप्रिल

काम सुरू झालं. विमानातून काढलेल्या फोटोंवर सरळ रेघा आखल्या आहेत. त्या रेघेने चालायचं, दर शंभर पावलांवर थांबायचं, झाडं-गवतं टिपायची, माती बोटांत चोळून बघायची आणि त्या तुकड्याला रंग द्यायचा. पाणथळ गवताचा पट्टा निळा, मासुकूच्या झाडांचं विरळ रान फिकट हिरवं, शेतं पिवळी, दाट राई गडद हिरवी. मला हे काम मनापासून आवडतं. रानाला कडा असतात, पण त्या पायांनाच कळतात. आधी सावली थंड होते, मग पायाखालचा आवाज बदलतो.

संध्याकाळी एनेलेसला दोन भिंगांतून फोटो दाखवला. झाडं एकदम उभी राहिली तशी ती किंचाळली आणि मग स्वतःचं घर शोधत बसली. गंमत म्हणून तिच्या हाती पेन्सिल दिली. मडकी घोटणारा हात आहे तो. पाणथळीची अख्खी कड तिने न उचलता एका रेघेत काढली, माझ्यापेक्षा चांगली. मी तिला सगळे नियम शिकवले. शिकवायला किती दिवसांनी कुणी मिळालं.

११ एप्रिल

मागची राई म्हणजे गावचं दफनस्थान. तिथे कुऱ्हाड चालत नाही, म्हणून उघड्या शेतांत तेवढीच उभी राहिली आहे. थडगी खणणाऱ्यांना इथे ‘नातवंडं’ म्हणतात. त्यांचा म्होरक्या बायसन सत्तरीचा आहे, तरी नातवंडच. त्याने आत मोजायला साफ मनाई केली. बाहेरून बघा, अमायी, म्हणाला, आतल्यांची झोप मोडली तर तुम्ही अंगाई गाणार का?

त्यांची एक रीत ऐकली. माणूस मेल्याशिवाय खड्डा खणायचा नाही. खणलाच, तर मयत येईपर्यंत एक नातवंड काठावर बसून राहतं. का, असं विचारलं. बायसन म्हणाला, तिथे रिकामी जागा ठेवली तर ती आपलं माणूस स्वतः बोलावून घेते. मी वहीत लिहून घेतलं.

१६ एप्रिल

राईची हद्द आखली. एक हेक्टरपेक्षा लहान तुकडा वेगळा दाखवायचा नाही, शेजारच्या रंगात मिसळायचा, हा नियम आहे. आमची तीन घरं मोठ्या झाडांखाली आहेत. वरून ती राईसारखीच दिसतात आणि तिन्ही मिळून अर्धा हेक्टरही होत नाहीत. मिसळून टाकली. स्वतःच्या उशीवरून गडद हिरवा रंग फिरवताना हसू आलं. हद्द अजून पेन्सिलीचीच आहे. शाई पडताळणीनंतर.

१८ एप्रिल

गावासमोर नकाशा मांडला. मुखिया खूश. आपलं गाव शेजारच्या गावापेक्षा मोठं दिसतंय, हे त्याने तीनदा सर्वांना ऐकवलं. बायसन मात्र गडद हिरव्यावर बोट ठेवून बसला. ही तीन घरं कुठे गेली, त्याने विचारलं. मी नियम सांगितला. आणि त्यातली माणसं? माणसं नकाशात येत नाहीत हो, मी म्हटलं. सगळे हसले. तो हसला नाही. मागे वळून एनेलेसच्या पोटाकडे बघत राहिला.

२१ एप्रिल

झाकेयो गेला. मशीनवर बसल्या बसल्या, सुईखाली बाही तशीच. वय झालं होतं. त्याला राईत नेलंच नाही. नातवंडांनी त्याच्याच अंगणात खणलं, तीच राई असल्यासारखं.

२५ एप्रिल

पडताळणी. झाकेयोचं अंगण रोज झाडलेलं, सारवलेलं असायचं, मी स्वतः पाहिलं आहे. आज तिथे राईतल्या म्बावा झाडाची गुडघाभर रोपं आहेत. नेचे आहेत. ओल्या सावलीतच येणारं शेवाळ उंबऱ्यावर आहे. चार दिवसांत. मी दोनदा मोजलं. मातीसुद्धा राईची, काळी, पानकुजीची.

तक्त्यात लिहिलं: नकाशा बरोबर.

२९ एप्रिल

लेफातीच्या चुलीत नेचा उगवला. तो घाबरून दोन गावं पलीकडे बहिणीकडे पळाला. काल तिकडेच पाणी भरताना कोसळला. आज त्याला बैलगाडीतून आणून त्याच्या अंगणात पुरलं. बहीण माझ्याकडे बघून ओरडत होती, ही घरांना हिरवा रंग फासणारी बाई कोण, हिला कुणी बोलावलं? एनेलेसने माझ्यापुढे उभं राहून तिला गप्प केलं. आठ महिन्यांचं पोट घेऊन माझ्यासाठी भांडली.

१ मे

बायसनकडे गेले. रेघ खोडून टाकते, म्हटलं. तो कुदळीला धार लावत होता. म्हणाला, खड्डा खणल्यावर ‘नको’ म्हणता येतं का? जागा झाली. आता रेघ हलेल, पुसली जाणार नाही. कुणाच्या तरी भोवतीनं जाईलच. मी विचारलं, कुणाच्या? तो म्हणाला, पेन्सिल तुमची, अमायी. मला कशाला विचारता?

तरी घरी येऊन खोडलं. रबराने कागद विरळ होईपर्यंत. सकाळी रेघ होती.

३ मे

एनेलेसच्या भट्टीशेजारी दोन रोपं. मी उपटली. मुळं बोटाएवढी जाड.

तिला सगळं सांगितलं. ती मडकं घोटत होती, थांबली नाही. फक्त विचारलं, कुठे हलवता येईल? ओढ्यापलीकडे आंधळी मालिता एकटी राहते. नव्वदीची, दोन दिवसांनी एकदा जेवते. नाव मीच घेतलं. उद्या करते म्हटलं.

४ मे

केलं नाही. पेन्सिल मालिताच्या झोपडीवर टेकवली. ती दारात बसून शेंगा सोलताना गाते, तेवढं आठवलं. हात पुढे जाईना.

६ मे

एनेलेसच्या पायांना सूज. बाळ हलत नाही म्हणते. मग हललं म्हणते. माझं मनगट धरून विचारलं, झालं का? मी म्हटलं, उद्या. तिने हात सोडला. कितीतरी वेळ मला बघत होती, भाजताना तडा जाईल का म्हणून कच्चं मडकं बघते तशी.

मालिताला मी मारू शकत नाही. खरं सांगायचं तर याचा मला थोडा अभिमानही वाटतो.

८ मे

आज एनेलेसचे पाय एकदम उतरले. बाळ सारखं लाथा मारतंय, हात लावून बघ म्हणाली. भट्टीजवळची रोपं सुकली. मी रडले. तिने माझे केस विंचरून बारीक वेण्या घातल्या. दुपारी सुक्या माशांचं कालवण केलं, मोठा तुकडा मला वाढला. जेव गं, म्हणाली, तुझ्यासारखी बहीण मला मिळाली नसती.

वेण्या घालताना तिच्या बोटांना पेन्सिलीच्या शिशाचा वास येत होता. आता आठवतंय.

९ मे

नकाशा उघडला.

हद्द बदलली आहे. एनेलेसचं घर बाहेर, पिवळ्यात. भट्टी बाहेर. आंबा बाहेर. मग रेघ वळते, घरामागून, मागच्या खोलीभोवती, आणि परत राईला मिळते. न उचलता काढलेली एकच रेघ. सुंदर.

खोली किती लहान. एक हेक्टरपेक्षा लहान — तिला नियम मीच शिकवला.

१० मे

दारात नेचे. ट्रंक भरली. मुखियाला निरोप धाडला, सायकलवाला दुपारी येतो.

एनेलेसला हाक मारली. ती अंगणात आहे. घोटण्याचा आवाज येतोय, खडा मडक्यावर, खडा मडक्यावर. थांबत नाही. तिचं काय चुकलं, मला शोधूनही —

दुपार. सायकलची घंटा. तो आलाय, दिसतोय मला, वीस पावलांवर. एनेलेसला विचारतोय, त्या उत्तरेकडच्या अमायी कुठे राहायच्या? ती म्हणाली, गेल्या. म्हणाली, इथे कुठली खोली, भाऊ, इथे तर राईच आहे.

ओरडले. दोनदा. त्याने वर पाहिलं, झाडांकडे, आणि टोपी काढली. राईसमोर काढतात तशी.

सावली थंड झाली. पायाखालचा आवाज —

बायसन आलाय. खड्डा खणून कुदळ खाली ठेवली. काठावर बसलाय. बसून राहतात ना ते, जोवर