दाजींच्या फियाटचा मधला डबा

श्रीमान कमलेशदाजी यांस खारेपाटातून मेहुणा दयाराम याचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे धडधाकट आहोत, तुम्हीही असणारच. नसता तर ताईचा आवाज पनवेलहून खाडी ओलांडून आला असता. गुडघा काय म्हणतोय? निरगुडीचा पाला बांधताय ना? (बांधत नसाल. तुम्ही कुणाचं ऐकणारे असतात तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.) फोन केला नाही, कारण तुमचा फोन ताई उचलते आणि स्पीकरवर टाकून भांडी घासत बसते. पत्र शुभमच्या टेम्पोतून पाठवतोय. वाचून शर्टाच्या खिशात ठेवू नका, खिसे तीच तपासते.

आधी गोड बातमी. आमच्या आबांनी तुमच्या नावावर केलेली जुनी फियाट चालू झाली! प्राप्ती दुडूदुडू धावायची तेव्हापासून तुम्ही तिला सांगत आलात, ‘पहिल्या दिवाळसणाला तुला आबांच्याच गाडीतून माहेरी आणीन,’ आणि पोरीने ते अगदी मनाशी धरलंय. गाडी तिचा मामा चालू करून देणार, हे मी मांडवात चारचौघांत छाती ठोकून सांगितलं होतं. मी शब्दाचा पक्का माणूस. आमच्या खाऱ्या हवेने जुन्या सायलेन्सरचा पापड केला होता, बोट लावलं की तुकडा हातात. म्हणून तुम्ही जहाजावरच्या मित्राकडून अख्खा स्टेनलेस स्टीलचा संच मागवलात, ते उत्तम केलंत. पण तो ऐन लग्नसराईत, मामीकडे सजवायला धाडलेल्या रुखवताच्या भांड्यांसोबत एकाच टेम्पोत, एकाच रद्दीत गुंडाळून आमच्या अंगणात ओतलात, हे कुठलं शहाणपण? कशावर नाव नाही, खूण नाही. दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता.

मी नाही बसलो. जागच्या जागी नियम काढला: दोन्ही तोंडं उघडी ती वस्तू गाडीची, एक तोंड बंद ती स्वयंपाकघराची. (सोऱ्या आणि नरसाळं तेवढं चुकून गाडीच्या ढिगात गेलं. मोरू मेस्त्रीने गाडीखालून हात काढून ते परत दिलं, आणि हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.) मग राहिली अस्सल-नक्कल ओळखायची बाब. ती परीक्षा आपल्याकडे बोहारीणसुद्धा जाणते. लोहचुंबक लावायचा; चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर स्टील. फुटक्या स्पीकरमधला चुंबक काढला आणि बसलो. पुढची वाकडी नळी, नाही चिकटला. मागची शेपटासारखी नळी, नाही चिकटला. मधला लांबोडका डबा मात्र चुंबकाला असा बिलगला की सोडवता सोडवेना. मी निकाल दिला: साधा पत्रा, वरून पॉलिश, तुमच्या मित्राला कुणीतरी टोपी घातली. मिठागरवाल्याच्या घरात जन्मलो मी, लोखंड मला कुणी शिकवू नये.

डबा भंगारात टाकणार, इतक्यात प्राप्तीची मामी धावत आली. “फेकू नका यो डबा, मना रुखवताला पायजे!” आता लग्नघरात बाईमाणसाच्या तोंडाला कोण लागणार? तिने तो डबा पाटावर उभा केला, गेरू फासला, जर आणि मणी चिकटवले, वरच्या नळीत प्लॅस्टिकची तुळस खोचली, आणि झालं तुळशीवृंदावन. अख्ख्या रुखवतात त्याच्यासारखी वस्तू नव्हती. तुम्ही स्वतः त्याच्यासमोर उभे राहून ‘वहिनींच्या हाताला तोड नाही’ म्हणालात. (व्हिडिओत आहे.)

तर गाडी तयार आहे. मधल्या जागी मोरूने साधी नळी जोडली आहे. आवाज जरा मोकळा येतो, एवढंच. पहिल्यांदा चालू केली तेव्हा खाणीत सुरुंग लागला समजून शेजाऱ्यांनी पोरं घरात घेतली, पण ते लोक मुळातच घाबरट. दिवाळी तोंडावर आली आहे, बेलाशक या आणि गाडी घेऊन जा. ताईला नमस्कार.

आपला,
दयाराम

ता. क. : एक बारीकशी गोष्ट राहिली. परवा पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला गेलो, तसाच प्राप्तीच्या सासरी डोकावलो. विहीणबाईंनी हाताला धरून मागल्या दारी नेलं. त्यांनी प्लॅस्टिक काढून त्या डब्यात खरी तुळस लावली आहे. म्हणाल्या, “मामा, बघा, सगळा पावसाळा भायेर हाय, झोपाळ्याच्या कड्या गंजल्या, पन ह्याला डाग म्हनून न्हाय!” मी वाकून बघितलं. गेरू धुऊन गेला होता आणि डबा आरशासारखा लखलखत होता. दाजी, ते स्टीलच आहे. सायलेन्सरचं काही स्टील चुंबकाला चिकटतं म्हणे. (हे तुमच्या मित्राने आधी सांगायला नको?) म्हणजे ओळख पटली, उशिरा पटली, पण पक्की पटली. आता विनंती एवढीच, की तुम्ही पालीला जाऊन तो डबा मागून आणा. दिलेलं रुखवत परत मागायचं नसतं, हे मला माहीत आहे. तुळशीचं लग्न लागेपर्यंत विहीणबाई तिला हलवू देणार नाहीत आणि दिवाळी त्याच्या आधी आहे, हेही माहीत आहे. पण तुम्ही मुलीचे वडील, तुमच्या बोलण्याला वजन आहे.

ता. ता. क. : पाकीट चिकटवत होतो आणि प्राप्तीचा फोन आला. म्हणाली, “मामा, तो सायलेन्सर आहे हे मी मांडवातच ओळखलं होतं. पण मामी इतकी खूश होती, कशाला बोलू? इथे सासूबाई सकाळी उठून आधी त्याला पाणी घालतात आणि मग मला चहा देतात. त्याला कुणी हात लावायचा नाही. बाबांना सांग, गाडी आहे तशीच आणा. वळणावर आवाज आला की मी पिशवी घेऊन दारात उभी राहते.” दाजी, मी पाकीट पुन्हा उघडलं. तेव्हा वरची विनंती रद्द. ते वळण तिच्या घरापासून बरंच लांब आहे, म्हणून मोरूला सांगून मधली नळी आणखी थोडी मोकळी करून घेतो.