जहांआराच्या यादीत माझी परीक्षा शेवटी

आदरणीय फहीमभाई,

अस्सलामु अलैकुम. कडबा कापायची मशीन, दोन कूलर, मशिदीतल्या नळांचा स्टँड, सफाचा लोखंडी पाळणा आणि आता बसलोय ती खुर्ची, हे सगळं मी कोणाच्या शिकवणीशिवाय, स्वतःच्या हातानं केलं, हे तुम्ही जाणताच. तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या वरवट बकालला तेल चांगलं मिळतं, लावत जा. इकडे डोणगावात सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

कारण असं. तुमची भाची सफा पुण्यात ज्या पद्धतीनं काम करते तिला स्क्रम म्हणतात. मोठं काम छोट्या तुकड्यांत करायचं आणि दर तुकडा पुरा करून दाखवायचा. ती पद्धत राबवून घेणारा तो स्क्रम मास्टर, आणि त्याच्या परीक्षेला आधीची मार्कशीट कोणी मागत नाही, असं ती म्हणाली तेव्हा मी ग्राइंडर बंद केला. (नववीनंतर माझ्या नावाचा कागद निघाला तो फक्त लायसन्सचा. तुम्ही मास्तर माणूस, पण सोयरीक जुळवताना तो विषय काढला नाहीत. मी विसरलो नाही.) फी भरली. पास व्हायला शंभरात पंच्याऐंशी लागतात. माझी तयारी शंभरची आहे.

नुसतं वाचून समाधान होईना, म्हणून वर्कशॉपात करून पाहिलं. रोज सकाळी उभ्या उभ्या सांगायचं, काम कुठवर आलं, कुठं अडतंय. पहिल्याच दिवशी ट्रॅक्टरची हूक जोडायला आलेले जानराव रांगेत उभे राहिले आणि सुनेचं सांगत बसले. मग माझ्या वेल्डरला, सकलैनला, अडचण विचारली. तो म्हणाला, "अडचन म्हंजे तुम्हीच, सईदभाई. मी जोडलेलं तुम्ही परत घासून राह्यले." मी शांतपणे ऐकून घेतलं (स्क्रम मास्टरनं रागवायचं नसतं) आणि त्याचा जोड परत घासला, कारण तो खरंच वाकडा होता.

चूक पुढे झाली. घरालाही हीच पद्धत लावली आणि तुमच्या बहिणीला, जहांआराला, प्रॉडक्ट ओनर केलं, म्हणजे कामांच्या यादीचा क्रम ठरवणारी मालकीण. तिनं सगळ्यात वर स्वयंपाकघरातलं कपाट ठेवलं आणि सगळ्यात खाली माझी परीक्षा. मी हरकत घेतली, तर म्हणाली, "क्रम माझा, असं तुम्हीच वाचून दाखवलं न मले? मंग आता पयले कपाट." सफाला फोन केला, ती हसली आणि अम्मीचंच बरोबर म्हणाली. नियम मोडून नियमांचीच परीक्षा द्यायला मी बसणार नाही. पण देणार, हे नक्की. क्रम बदलायचा तर मालकिणीची समजूत घालायची, एवढी एकच वाट नियमात आहे, आणि त्या वाटेवर मी दमलो.

आपला,
सईद

ता. क. ती फक्त तुमचं ऐकते. जुम्म्याच्या नमाजानंतर तिला फोन करा. (मी फोन न करता पत्र का लिहिलं? फोनवर बोलताना ती शेजारीच असते.)

आणखी ता. क. ती सांगेलच, म्हणून आधी मीच सांगतो. कपाटाच्या दाराला अजून कागदाएवढी फट राहते, म्हणून मी ते तिसऱ्यांदा कापून काढलंय. मेहकरहून तयार कपाट आणा आणि दुसऱ्याच सकाळी परीक्षेला बसा, असं तिनं सुचवलं होतं. नऊ हजार रुपये, घरपोच. मी नाही म्हटलं.