उलटी चढवलेली गाडी

१७ एप्रिल २०१६, रविवार

सकाळी टँकर आला. पाणी भरलं. दुपारी शहादेव भाऊजी कारखान्याचा निरोप घेऊन आले — महिनाअखेर वर्कशॉपमागचं शेड रिकामं करा. यांची गाडी अजून तिथंच उभी आहे.

ऊसच नाही म्हणून कारखाना दोन हंगाम बंद. हे तिथं फिटर. काम नव्हतं तरी रोज डबा घेऊन जायचे. जुन्या मारुतीचं इंजिन काढून सीटच्या मागं बसवलं. पत्रा ठोकून ठोकून अंग केलं. दोनच माणसांची, जमिनीला चिकटलेली शर्यतीची गाडी! माजलगावचे मकसूद मिस्त्री मदतीला असायचे, यांना बद्रीभाई म्हणायचे. फेब्रुवारीत हे गेले ते त्याच शेडात, छातीत कळ येऊन.

भाऊजी म्हणाले, "वैनी, भंगारात द्या. काय करायचंय ते खटलं?" मकसूदभाईंनी पुण्याच्या एका कॉलेजला विचारलंय. तिथली मुलं असल्या गाड्या बनवतात. ठेवून घेऊ म्हणाले.

मी म्हटलं, पाठवा.

त्या शेडात मी एकदाही गेले नाही. यांनीही कधी ये म्हटलं नाही.

२० एप्रिल

पतसंस्थेत दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बसल्या बसल्या डोळा लागला. धरणाच्या कोरड्या पात्रात, भेगाळलेल्या गाळावरून, ती गाडी चालली होती. आवाज नाही, धूळ नाही. घागरी घेतलेल्या बायका बाजूला होऊन वाट देत होत्या. जागी झाले तर तोंडाला कोरड.

२३ एप्रिल

एकच विचार येतो. दोन वर्षं दिवसच्या दिवस हे त्या लोखंडाजवळ. त्यात मी कुठं होते? आता विचारू कुणाला! गाडी गेली की हा विचारही जाईल.

२८ एप्रिल, गुरुवार

आज शेडात गेले. चहा न्यायचं निमित्त.

गाडी हिरवी आहे. कारखान्याच्या मशिनींना देतात तो रंग, उरलेला. भाऊजी म्हणाले, "साऱ्या तालुक्यात एवढंच हिरवं हाय बघा!" मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

मकसूदभाईंनी पिकअपला उघडी ट्रॉली जोडून आणली होती. दोन चाकांची. फळ्या लावल्या आणि गाडीला तोंडाकडून साखळीनं ओढून वर घेतलं. चाकं पट्ट्यांनी आवळली. निघाले. फाटकापाशी जातात तोच ट्रॉली शेपटासारखी डावी-उजवी हलायला लागली. पिकअपचा मागचा भाग वर उचलल्यासारखा. मकसूदभाईंनी हळूहळू थांबवली.

"अरे, उलाळ झाली!" भाऊजी ओरडले.

बैलगाडीत मागं जास्त भरलं की जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला फास लागतो. इथं हे सगळ्यांना माहीत. पण गाडीचं इंजिन पुढंच असणार म्हणून तोंड पुढं करून चढवली! ज्यांनी ते मागं बसवलं, त्या मकसूदभाईंनीसुद्धा.

"काय मिस्त्री, सोताच बसिवलं अन् सोताच इसरलं?"

"हसा भाऊ. बद्रीभाई असते तर त्यांनी लई शिव्या घातल्या असत्या."

खाली उतरवली, फिरवली. आता मागून चढवायची. आत बसून कुणीतरी स्टिअरिंग धरायला हवं. भाऊजी बसायला गेले तर गुडघे स्टिअरिंगला अडकले. "हे काय लेकरासाठी केलं का बे?"

"सीट मागं सरकत न्हाई," मकसूदभाई म्हणाले. "भाईनं वेल्डिंग मारलंय. मी बोललो होतो, तुमीच कसं बसणार? नुसते हसले." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "भाभी, तुमी बसता का?"

बसले. पाठ टेकली. पाय खाली टेकले. पतसंस्थेच्या खुर्चीत माझे पाय टेकत नाहीत. एसटीत नाहीत. मंगल कार्यालयात नाहीत. इथं टाच जमिनीला आणि चवडा बरोबर पेडलवर.

दिवाळीआधी यांनी एकदा टेपनं माझ्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं होतं. पाठीचंही. कावून? म्हटलं. शिवणयंत्राला टेबल करायचंय, म्हणाले. टेबल काही झालं नाही.

साखळी कुरकुरत होती. मी स्टिअरिंग सरळ धरून मागं मागं वर गेले. समोर शेड, त्यातला रिकामा कोपरा. पायाखालची जमीन हळूच सुटल्यासारखं झालं.

उतरले.

या खेपेला ट्रॉली हलली नाही. गाडी उलटी चढवलेली, म्हणून तोंड माझ्याकडं. स्मशानाच्या वाटेवर विसाव्याला तिरडी फिरवतात म्हणे. आम्हां बायकांना कुठं बघायला मिळतं! दिंद्रुडच्या रस्त्याला उन्हाचं पाणी चमकत होतं. त्यात जाईपर्यंत ती माझ्याकडं बघत गेली.

२९ एप्रिल

कामाला गेले. दिवसभर पाय अधांतरी.

५ मे

कॉलेजला फोन केला. गाडी परत द्या म्हटलं. तिकडचे सर म्हणाले, बाई, काही अडचण झाली का? म्हटलं, नाही. माझी आहे ती.

संध्याकाळी अंगणातलं सरपण एकटीनं भिंतीकडं रचलं. जागा झाली.