बासष्टच्या पुढची थरथर

प्रिय कर्टिस,

"फाटकातून रिकामी गाडी बाहेर काढायची नाही." डॅडनी हे तुला सांगितलं तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास आणि मी दहा. केस कापून घ्यायला तू एकटाच जुना पिकअप घेऊन गावात निघाला होतास. त्यांनी तुला फाटकावरून मागे फिरवलं आणि हौद्यात गंजक्या तारेची भेंडोळी, गवत कापायच्या यंत्राचं मोडलेलं पातं आणि शेजारच्या ऑर्डिसबाईंची रिकामी पिंपं चढवायला लावली. गाव अडुसष्ट मैल लांब, डिझेल काय झाडाला लागतं का, असं बरंच काही ते पुढे बोलले असतील. मला ते एकच वाक्य आठवतं, कारण तू मागे वळून त्यांची हुबेहूब नक्कल केलीस, मी हसले, आणि म्हणून पिंपं मला उचलावी लागली. त्या वाक्याने गेले सात महिने माझा जीव खाल्ला आहे. ते कसं, हे तुला सांगायला बसले आहे. फोन केला असता तर डॅडचं नाव निघाल्याबरोबर तुला कामावर निघायची घाई झाली असती. पत्र मात्र तू शेवटपर्यंत वाचतोस. विजेच्या बिलाची मागची बाजूही वाचणारा माणूस तू.

मार्चमध्ये मी नवीन पिकअप घेतला. जुन्यावर डॅडना चढता येईना, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना डायलिसिसला न्यायचं तर गाडी भरवशाची हवी. डायलिसिस सुरू झालं हे मी तुला फेब्रुवारीत फोनवर सांगितलं होतं. तू "हं" म्हणाला होतास. तर आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन एकशे छत्तीस मैल, त्यातले अकरा खडीचे, बाकी डांबरी. खडीवर ही गाडी शहाण्यासारखी चालायची. हायवेला लागलं की ताशी बासष्ट मैलांपर्यंत ठीक. बासष्टच्या पुढे काटा सरकला की आधी सीटच्या खालून बारीक थरथर सुरू व्हायची, मग ती पाठीत चढायची, मग स्टिअरिंगमध्ये, मग आरशात मागचा रस्ता दुहेरी दिसायला लागायचा. डॅडचा चष्मा डॅशबोर्डवर ठेवला की आपोआप चालत चालत माझ्या बाजूला यायचा. पासष्टला सगळ्यात वाईट. साठने चालवावं तर मागे गुरांचे ट्रक हॉर्न वाजवतात आणि डायलिसिसच्या चार तासांच्या सुयांना उशीर होतो. डॅड म्हणाले, या गाडीत सायीचं भांडं ठेव, गावात पोचेपर्यंत लोणी निघेल.

जाताना हे चालून जायचं. येताना नाही. सुया काढल्यावर ते पिळून काढलेल्या फडक्यासारखे झालेले असतात. मान धरत नाही, पोट ढवळत असतं, हाताची पट्टी ओली होईल की काय ही धास्ती. त्यात ती थरथर. खिडकीच्या वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून ते अडुसष्ट मैल काढायचे. एप्रिलच्या शेवटी पहिल्यांदा ते म्हणाले की आजचा दिवस राहू दे, हाडं खिळखिळी झालीत. मी ऐकलं. तिथली नर्स मला फोनवर फाडफाड बोलली. एक दिवस चुकला की घोटे सुजतात आणि दुसरा चुकला की श्वास लागतो, हे तिने मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. मी ऑर्डिसबाईंची मोटार मागून आणली, तर डॅड म्हणाले, दुसऱ्याच्या गाडीत ओकणार नाही. पेशंटांना नेणारी काउंटीची व्हॅन दारापर्यंत येते, तर ती म्हाताऱ्यांची आहे म्हणे. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस हे म्हणतो. शेवटी त्यांनी मला सरळ सांगितलं की ज्या दिवशी ही गाडी डुगडुगायची थांबेल त्या दिवसापासून मी कुरकुर न करता येईन. झालं. त्या दिवसापासून मी त्या गाडीच्या हात धुऊन मागे लागले.

आता पुढचं सगळं वाच आणि हस, मला तेव्हा हसू येत नव्हतं. डीलरकडे ब्रेंट नावाचा मुलगा काउंटरवर असतो, मुलगा म्हणजे पस्तिशीचा, केसांना जेल लावणारा. पहिल्या खेपेला त्यांनी चाकांचं बॅलन्सिंग केलं. मी घरी आले, गाडी लोण्यासारखी. मी ब्रेंटला फोन करून आभार मानले. बुधवारी डॅडना घेऊन निघाले, पुन्हा थरथर. दुसऱ्या खेपेला मागचे दोन टायर बदलले. येताना गाडी झकास, मी पुन्हा आभार मानले, शुक्रवारी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला चारही टायर आणि दोन रिम. चौथ्या खेपेला लाइल, त्यांचा जुना मेकॅनिक, स्वतः वीस मैल चालवून आला आणि म्हणाला की मला तर काहीच जाणवत नाही. त्याच्या सुरात दया होती. त्या दयेचा मला इतका राग आला की मी त्याच्या टेबलावरची त्याची कॉफी पिऊन टाकली. पाचव्या खेपेला कंपनीचा इंजिनिअर आला, त्याने सीटला थरथर मोजणारी एक डबी चिकटवली, आलेख काढला आणि लिहून दिलं की थोडी थरथर हा या गाडीचा स्वभावधर्मच आहे. मी तो कागद डॅडना वाचून दाखवला. ते म्हणाले, मग माझाही स्वभावधर्मच आहे, त्याला कोणी नवीन चाकं लावत नाही. ते तुमच्या दोघांच्या भांडणाबद्दल बोलत होते असं मला वाटलं.

सहाव्यांदा फोन केला तेव्हा ब्रेंटने आधी मला फोनवर ताटकळत ठेवलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाला, मॅडम, तुम्ही आम्हाला पाच वेळा बरी झाली म्हणून सांगितलंत आणि पाच वेळा बिघडली म्हणून. मी फोन ठेवला, कारण ते खरं होतं. त्या रात्री, नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना माझ्या मनात आलं की गाडीत काही नसेलच. मीच रस्त्यावर नुसती ताठ बसून राहते, बाजूला डॅड डोळे मिटून असतात, त्यांचा श्वास ऐकायचा म्हणून रेडिओ बंद असतो. माणसाला थरथर वाटायला इतकं पुरे आहे. मी तसं ऑर्डिसबाईंना म्हणालेसुद्धा. त्या म्हणाल्या, तू मूर्ख आहेस हे खरं, पण माझे कवळीचे दात तुझ्या गाडीत वाजले होते.

मग सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली सहावी खेप. मी डॅडना सकाळी साडेसहाला सुयांवर सोडते. इतर दिवशी मी त्यांच्याजवळ बसते. गाडी दाखवायची असेल त्याच दिवशी बाकीची कामं काढायची, कारण एरवी वेळ कुठे आहे. गुरांच्या खाद्याचं दुकान सातला उघडतं, डीलर आठला. म्हणजे आधी गुरांच्या मिठाची वीस-बावीस पोती हौद्यात टाकायची, वर पेंडीच्या दोन-चार ढेपा, आणि मग गाडी डीलरकडे. संध्याकाळी भरलेली गाडी घेऊन घरी. रिकामी कशाला न्यायची? डॅडचा तो नियम परतीच्या वाटेलाही लागू. त्या दिवशी दुकानाच्या दाराला चिठ्ठी होती, मालाची मोजदाद चालू आहे, दुपारनंतर या. मी चडफडत तशीच डीलरकडे गेले. लाइल गाडी घेऊन गेला आणि दहा मिनिटांत परत आला. उतरला. हौद्याकडे गेला, त्यात डोकावला, टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, "बाई, आजवर तुम्ही ही कधी रिकामी आणलीच नाहीत."

तुला एव्हाना कळलं असेल, तुझे हात लहानपणापासून इंजिनात. मागे हजार पौंड असले की गाडीचं बूड खाली बसतं, आणि इंजिनापासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा सरळ रेषेत येतो. रिकामी असली की बूड वर, दांडा मधल्या बेअरिंगपाशी किंचित वाकडा, आणि वेगाने फिरताना तो सगळ्या गाडीला हलवतो. पाच महिने मी त्यांना भरलेली गाडी दाखवली, ती बरी. भरलेली घेऊन घरी आले, ती बरी. पोती उतरवली आणि डॅडना चढवलं की बिघडली. लाइल स्वतः गुरांच्या रँचवर वाढलेला. मी त्याला म्हणाले, तुला एकदा तरी विचारावंसं वाटलं नाही का रे. तो म्हणाला, गावात आलेली गाडी भरलेली बघून कोण काय म्हणून विचारेल? बाहेरगावचा, डांबरावर वाढलेला एखादा मेकॅनिक असता तर पहिल्याच दिवशी म्हणाला असता की ही पोती उतरवा. इथे आम्ही सगळेच डॅडनी घडवलेले. दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली. मधल्या बेअरिंगखाली नखाएवढ्या जाडीच्या दोन पट्ट्या. मी त्या हातात घेऊन पाहिल्या, मग त्याने काढून घेतल्या आणि बसवल्या. लाइलने त्या दिवशी माझ्यासाठी कॉफी आणली होती.

घरी येताना डॅड बाजूला, हौदा रिकामा, मी काटा सत्तरवर नेला. काही नाही. आरशात एकच रस्ता. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, पोत्यांची, लाइलच्या टोपीची. ते डोळे मिटूनच हसले. दात दिसेपर्यंत हसले, कर्टिस. आई गेल्यापासून मी ते पाहिलं नव्हतं. पुढचे तीन आठवडे ते एकदाही न चुकता आले. वरचं हँडल धरलं नाही, हात मांडीवर ठेवून खिडकीतून बघत बसायचे. कुणाचं कुंपण पडलंय, कुणाचं गवत अजून उचललेलं नाही, यावर शेरे मारायचे. मला वाटलं, मी जिंकले. मी ब्रेंटलाही फोन करून सांगितलं, या वेळी तो हसला आणि मीही.

परवा सोमवारी मी नेहमीसारखी गाडी सुरू करून ठेवली, हीटर लावला, पायरी पुसली. डॅड बाहेर येईनात म्हणून आत गेले. ते जेवणाच्या टेबलाशी बसले होते, पायात घरातल्या सपाता. मी बूट पुढे आणून ठेवले. त्यांनी ते पायाने हलकेच बाजूला सारले. "मार्ला, गाडीचं काही नव्हतं," ते म्हणाले. मग पुन्हा, "म्हणजे होतं. पण मला ते निमित्त मिळालं होतं. तू इतकी मागे लागली होतीस की मला वाटलं, होऊन जाऊ दे दुरुस्त. तुला ती लागेल." मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ओरडले, एवढं सांगते. मी म्हणाले की पाच महिने मला वेड्यासारखी फिरवलीत. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की तीन आठवडे मी चांगल्या गाडीतून जाऊन पाहिलं, तरीही नको वाटतं. आवाज चढला नाही, कडवटपणा नव्हता. बाहेर गाडी चालूच होती, डिझेल जाळत. शेवटी तेच म्हणाले, जा, बंद करून ये.

डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले की हा निर्णय घ्यायचा त्यांना हक्क आहे, डोकं ठिकाणावर आहे. सुयांशिवाय दहा-बारा दिवस, फार तर थोडे जास्त. शेवटच्या सुया शुक्रवारी झाल्या. आज बुधवार. मी सकाळपासून गाडीचाच विचार करते आहे. तिच्या खाली शिरून बघावं, अजून एखादी पट्टी बसवता येईल का. हे लिहिताना मलाच माझा राग येतो. गाडीवर मला पाच महिने चिडता आलं, फोन करता आले, कागद मागता आले. डॅडवर चिडून झालं ते वीस मिनिटांत.

मी त्यांना विचारलं, कर्टिसला कळवू का. ते म्हणाले, त्याला कामं असतील. तुला आईच्या अंत्यविधीनंतरचं ते टेबल आठवत असेल. खालचं कुरण विकावं असं तू म्हणालास, आणि ते म्हणाले की पाहुणा आहेस तर पाहुण्यासारखा बस. तू उठलास आणि मला फाटकापाशी सांगितलंस की ते स्वतःच्या तोंडाने बोलावतील तेव्हाच येईन. सहा वर्षं झाली. ते बोलावणार नाहीत, कर्टिस. मी तुला खोटं लिहिणार नाही की त्यांनी तुझं नाव घेतलं. घेतलं नाही. आणि तू ये आणि डायलिसिससाठी त्यांचं मन वळव, असंही मी म्हणत नाही. ते मलाच जमलं नाही, तुझं तर ते मुद्दाम ऐकणार नाहीत.

रविवारी आम्ही वरच्या कुरणातून वासरं खाली आणतो आहोत. ऑर्डिसबाईंचे दोघे मुलगे येतील, मी असेन, आणि डॅड पिकअपमध्ये खिडकी उघडी ठेवून फाटकाशी बसतील, मोजायला. ते अजून बसू शकतात, रविवारपर्यंत बसू शकतील असं नर्स म्हणाली. मला घोड्यावर एक माणूस कमी पडतो आहे. हेही पूर्ण खरं नाही, तिघांत भागतं. पण वासरांच्या कामाला शेजारी शेजाऱ्याला बोलावतो तेव्हा इथे कोणी जुनं काही काढत नाही. येतो, काम करतो, जेवतो, जातो. तसं मी तुला बोलावते आहे. डॅडनी नाही, मी. त्यांच्याशी बोलायची गरज नाही, फाटकातून वासरं हाकत त्यांच्यासमोरून जायचं एवढंच. पोस्टातली शर्ली म्हणते हे शुक्रवारी तुला मिळेल, रात्रभर गाडी चालवलीस तर शनिवारी पोचशील. तू नाहीच म्हणशील, मला माहीत आहे, आणि कारणही देशील जे खोडून काढता येणार नाही. तरी मागते. रविवारी सातला घोडे तयार असतील. ये.

तुझीच,
मार्ला